वाचकांचे प्रश्न : गुडघा दुखतो, तेव्हा मन काय करते?

दीर्घकाळच्या सांधेदुखीत श्वसन, शिथिलीकरण आणि ध्यान यांचा उपयोग कसा करावा, याविषयी गेल्या अंकात या सदरात एक टिपण दिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे गुडघ्यांविषयीच होती. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. सहा वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, त्यातही उजवा अधिक. एक्स-रेमध्ये ‘मध्यम झीज’ दिसते. वाटी बदलण्याची एवढ्यात गरज नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांचे मत आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा एक्स-रे माझ्याहून वाईट आहे, तरी त्या पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन येतात. मागच्या भेटीत डॉक्टरांनी मला ध्यान आणि शिथिलीकरण शिकून घेण्यास सुचवले. तेव्हापासून “म्हणजे दुखणे मनाचेच आहे तर” असे घरात बोलले जाते आणि ते मला फार लागते. माझे दुखणे खोटे आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपले दुखणे खोटे नाही. पंचवीस वर्षे फिजिओथेरपीच्या व्यवसायात असून, मुद्दाम खोटे दुखणारा गुडघा मी क्वचितच पाहिला आहे. दुखणे लपवणारे मात्र रोज भेटतात.

जाऊबाईंचे कोडे आधी सोडवू, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. एक्स-रेमध्ये हाडे आणि त्यांच्यामधील अंतर दिसते, वेदना दिसत नाही. ज्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची, झीज झाली असे आपल्याला सांगितले गेले, त्या कूर्चेत वेदना वाहून नेणारे मज्जातंतू नसतातच. ते असतात कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या अस्तरात, भोवतालच्या वेष्टनात आणि अस्थिबंधांत. तिथून निघालेला संदेश मज्जारज्जूत पोहोचतो, तेथे तो कधी दाबला जातो, कधी वाढवला जातो, आणि मग मेंदू त्याची इतर बातम्यांशी सांगड घालतो : काल झोप झाली का, हा जिना ओळखीचा आहे का, मागच्या वेळी येथे काय झाले होते, घरात कोणाशी खटके उडाले आहेत का. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मज्जारज्जूतील या चाळणीला दाराची उपमा दिली. त्या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे बरेच फेरफार झाले, परंतु वेदनेचा संदेश वाटेत कमीजास्त होतो, हा गाभा टिकून राहिला. पलंगाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला की आपण तो न सांगता चोळू लागतो, तेव्हा याच दाराचा उपयोग करत असतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या २०२० मधील सुधारित व्याख्येत वेदनेला संवेदनात्मक आणि भावनिक असा एकत्र अनुभव म्हटले आहे. त्यातून ‘भावनिक’ एवढाच शब्द उचलून कोणी आपल्याला टोमणा मारत असेल, तर त्यांनी व्याख्या अर्धीच वाचली आहे.

या संदर्भात अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुडघ्याच्या झिजेचे १८० रुग्ण होते. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीने आतील भाग साफ केला गेला, काहींचा केवळ धुतला गेला, आणि काहींच्या त्वचेवर फक्त तीन छोटे छेद घेऊन टाके घातले गेले. आपल्याला यांपैकी काय मिळू शकते, याची कल्पना सर्वांना आधी देऊन संमती घेतली होती. प्रत्यक्षात काय मिळाले, हे मात्र ठाऊक नव्हते. दोन वर्षांपर्यंत पाहिले, तरी खरी शस्त्रक्रिया झालेल्यांचे दुखणे नुसते छेद घेतलेल्यांपेक्षा कमी झालेले आढळले नाही. याचा अर्थ त्या लोकांचे गुडघे आधी दुखत नव्हते, असा कोणीही काढला नाही. अपेक्षा, विश्वास आणि आपली काळजी घेतली जात असल्याची जाणीव यांनी खरी वेदना खरोखर कमी होऊ शकते, एवढाच तो अर्थ आहे. आणि जे कमी होऊ शकते ते धास्तीने वाढूही शकते.

ही धास्ती कशी दिसते? माझ्या दवाखान्याला सहा पायऱ्या आहेत आणि निघालेल्या रुग्णांना त्या उतरताना मी खिडकीतून पाहत असते. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच श्वास रोखला जातो, दात आवळले जातात, कठड्यावरच्या हाताची बोटे पांढरी पडतात, आणि मांडीचे स्नायू असे ताठरतात की गुडघा वाकायलाच तयार नसतो. पाऊल अजून हवेत असते, पण दुखणे सुरू झालेले असते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, तशी ही अवस्था आहे, आणि तीत रुग्णाचा दोष काहीच नाही. सहा वर्षे ज्या मज्जासंस्थेने वेदनेचे संदेश हाताळले, ती जरा अधिकच जागरूक झालेली असते. एकदा चोरी झालेल्या घरचा कुत्रा पानांच्या सळसळीलाही भुंकतो. मग आपण जिना टाळतो, जिना टाळल्याने मांडीचे स्नायू रोडावतात, आणि स्नायू रोडावले की तोच भार सांध्यावर अधिक जाणवतो. डॉक्टरांनी सुचवलेले शिथिलीकरण हे वर्तुळ तोडण्यासाठी आहे.

तेव्हा आपण ध्यानाची सुरुवात आसनावर न करता जिन्यावर करावी, असे मी सुचवेन. उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा, चढताना बरा पाय आधी वर ठेवावा. पाऊल टाकण्यापूर्वी थांबून जबडा सैल सोडावा, खांदे खाली येऊ द्यावेत, आणि पाऊल खाली जात असताना तोंडाने सावकाश श्वास सोडत राहावे. कठडा धरावा, पण आवळू नये. पहिले दोन आठवडे रोज फक्त तीन पायऱ्या कराव्यात. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेतीनपट भार येतो; सपाट रस्त्यावर चालताना तो अडीचपटीच्या आसपास असतो. (कृत्रिम सांध्यातच संवेदक बसवून हा भार मोजलेला आहे.) म्हणजे जिना गुडघ्याला खरोखरच जड जातो, आपले मन उगाच घाबरत नाही. फक्त ते जितके घाबरते तितक्याची गरज नसते.

जाता जाता एक विनंती. ‘झीज झाली’, ‘वंगण संपले’, ‘हाडावर हाड घासते’ हे शब्द स्वतःशी बोलणे शक्य तितके कमी करावे. सांधा म्हणजे बैलगाडीचा आख नव्हे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला आणि सुटला की त्यातील द्रवातून तिचे पोषण होते. दुखणारा गुडघा जपून हलवणे म्हणजे त्याला आणखी झिजवणे, ही समजूत मी जितक्या घरांत ऐकली आहे, तितक्या घरांत तिने कोणाला तरी पलंगाला खिळवलेले पाहिले आहे.

प्रश्न : माझे वय ५८ असून डाव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. मोबाइलवर योगनिद्रेचे ध्वनिमुद्रण लावून मी रात्री झोपून ऐकत असे. ‘आता लक्ष गुडघ्याकडे न्या’ हे वाक्य आले की ठणका दुप्पट होई. तीन आठवड्यांनी सोडून दिले. मला हे जमणारच नाही का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याला जे झाले ते पुष्कळांना होते, आणि ध्वनिमुद्रणातील गोड आवाज ते सांगत नाही. मला स्वतःला डाव्याच गुडघ्याचा त्रास आहे, आणि पहिल्या काही दिवसांत मीही वैतागून उठून बसले होते.

सर्व शरीरावर क्रमाक्रमाने लक्ष फिरवण्याची पद्धत आपल्याकडे योगनिद्रेत रुजलेली आहे. तिच्याशी साधर्म्य असलेली एक पद्धत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, इतर उपचारांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी सुरू केली. तो कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो, आणि त्यात रुग्णाला वेदना घालवण्याचे आश्वासन दिले जात नाही. आपण बहुधा ती घालवण्यासाठीच ऐकत होता, आणि दर मिनिटाला ‘गेली का?’ म्हणून तपासत होता. दारावरची बेल वाजेल म्हणून कान देऊन बसलेल्याला बेल अधिक मोठी ऐकू येते.

पुन्हा सुरुवात करायची असेल, तर ध्वनिमुद्रण बाजूला ठेवावे. झोपेच्या वेळी करू नये, दुपारी किंवा संध्याकाळी दहाच मिनिटे करावे. पाठीवर झोपल्यावर गुडघे सरळ ठेवणे जड जात असेल, तर त्यांच्याखाली गुंडाळलेली चादर किंवा छोटा लोड ठेवावा. मात्र रात्रभर तसे झोपू नये, कारण सतत वाकलेला गुडघा पुढे पूर्ण सरळ होण्यास कुरकुर करतो.

लक्ष गुडघ्याकडे नेण्याची घाई करू नये. पहिला आठवडा फक्त तळहातांवर आणि बऱ्या पायाच्या तळव्यावर थांबावे. तेथे काय जाणवते — ऊब, मुंग्या, चादरीचा खरखरीतपणा, की काहीच नाही? ‘काहीच नाही’ हेही चालते. दुसऱ्या आठवड्यात दुखऱ्या पायाच्या पोटरीवर आणि मांडीवर यावे, म्हणजे गुडघ्याच्या अंगणापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात तीन-चार श्वासांपुरते गुडघ्यावर जावे आणि परत तळहातांवर यावे. जेव्हा तेथे असाल, तेव्हा वेदनेचे मोजमाप घ्यावे : ती रुपयाच्या नाण्याएवढी आहे की तळहाताएवढी? वाटीच्या वर आहे, आतल्या बाजूला आहे, की मागे लवणीत? ठणकते, जळते की नुसती जड आहे? श्वास सोडताना ती बदलते का? असे विचारत गेले की ‘गुडघा दुखतो’ या एका ओंडक्याच्या ढलप्या निघू लागतात, आणि त्यांतील काही ढलप्या गुडघ्याच्या नसतातच. ‘आता ठणका आहे’ ही एक गोष्ट झाली. ‘दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर मी घरातच पडून राहणार’ ही दुसरी. दोन्ही एकाच क्षणी आल्या, म्हणून त्या एकच वाटतात. पहिलीवर शेक घेता येतो. दुसरी ही भीती आहे, आणि तिला भीती म्हणून ओळखले की ती गुडघ्यात जाऊन बसत नाही. निदान दर वेळी बसत नाही.

श्वास मोजायचा असेल, तर चार अंक मोजेपर्यंत आत घ्यावा आणि सहा अंकांपर्यंत सोडावा. कोंडू नये. सोडणे लांबले की नाडी किंचित मंदावते आणि स्नायूंचा ताण उतरण्यास मदत होते.

या साऱ्याचा परिणाम बहुतेकांत माफकच असतो. कोणी ‘एकवीस दिवसांत वेदनामुक्ती’ असे विकत असेल, तर पैसे जवळ ठेवावेत. ठणका दहापैकी सातवरून पाचवर आला, किंवा सातच राहिला पण रात्रीची झोप तासभर वाढली, तरी मी त्याला यश म्हणते. चार आठवडे करूनही प्रत्येक वेळी घाबरल्यासारखे होत असेल, जुन्या अपघाताची दृश्ये येत असतील किंवा मन सतत उदास असेल, तर एकट्याने रेटू नये; मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीने करावे.

प्रश्न : मी ४९ वर्षांची आहे. पावसात भाताची लावणी, मग कापणी, उन्हाळ्यात काजू-आंबा, आणि बारा महिने पाणी भरणे. दोन्ही गुडघे संध्याकाळी सुजतात. तुमचे टिपण वाचले. डोळे मिटून अर्धा तास बसायला आम्हाला वेळ कुठला? आणि ‘ताई ची’ इथे कोण शिकवणार? — एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपला टोला योग्य ठिकाणी लागला. अर्धा तास डोळे मिटून बसण्याचा सल्ला शहरातील पगारी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून दिला जातो, आणि ते टिपण लिहिताना माझ्याही डोळ्यांपुढे तोच होता.

ताई ची हा चीनमधील संथ हालचालींचा व्यायामप्रकार आहे. त्याचा उल्लेख केला, कारण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन येथील एका अभ्यासात गुडघ्याच्या झिजेच्या २०४ रुग्णांपैकी काहींनी बारा आठवडे ताई ची केली, इतरांनी नेहमीची फिजिओथेरपी घेतली, आणि दोन्ही गटांत दुखणे जवळजवळ सारखेच कमी झाले. ताई ची करणाऱ्यांचे मन मात्र अधिक उभारी धरून होते. त्यातील सार एवढेच की शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश, श्वासाबरोबर आणि पूर्ण लक्ष देऊन न्यायचा. त्यासाठी शिक्षक हवाच असे नाही. सकाळी चुलीवर पाणी तापत असताना पडवीचा खांब एका हाताने धरून उभे राहावे, पावले खांद्याइतकी दूर ठेवावीत, गुडघे जेमतेम वाकवावेत, आणि श्वास सोडत सगळा भार उजव्या पायावर न्यावा. श्वास घेत मध्ये यावे. पुन्हा सोडत डावीकडे जावे. पाणी उकळेपर्यंत एवढेच करावे. रात्री जेवणानंतर खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करावा, मांडी घट्ट करून पाचपर्यंत मोजत श्वास सोडावा आणि पाय खाली ठेवावा. प्रत्येक पायाला दहा वेळा. मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा खरा राखणदार आहे, आणि सूज व दुखणे या दोन्हींमुळे तो आपोआप ढिला पडतो, म्हणून त्याला रोज जागे करावे लागते.

परंतु आपल्या बाबतीत सर्वात मोठा फरक कामाच्या वाटणीने पडेल. बहुतेक जण दुखू लागेपर्यंत रेटतात आणि दुखू लागल्यावर थांबतात. त्यातून शरीर एवढेच शिकते की विश्रांती मिळवायची असेल तर दुखले पाहिजे. हे उलटे करावे. रोपांच्या किती जुड्या लावून झाल्या की गुडघे बोलू लागतात, हे दोन दिवस पाहावे. पाच असतील, तर चौथी संपताच, दुखो अथवा न दुखो, कंबर सरळ करावी, बांधावर उभे राहून चार लांब श्वास घ्यावेत, एकेक पाय झटकावा आणि पुन्हा खाली वाकावे. एक-दोन मिनिटांचा खेळ आहे. सोबतच्या बायका हसतील. आठवडाभराने त्याही उभ्या राहतील.

पाण्याचेही तसेच. सपाट वाटेवर गुडघ्यावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो, हे वर सांगितले. डोक्यावरची दहा किलोंची कळशीही त्या हिशेबात धरली जाते, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक पावलाला पंचवीस किलो वाढतात. एका भरलेल्या खेपेऐवजी दोन अर्ध्या खेपा गुडघ्याला स्वस्त पडतात. घरातील एखादा धडधाकट मुलगा त्यांतील एक खेप करील, तर त्याहून उत्तम. ध्यानाच्या सदरात हे लिहिणे कोणाला विचित्र वाटले, तरी लिहीत आहे.

संध्याकाळची सूज मात्र एकदा डॉक्टरांना दाखवावी. सकाळी दोन्ही सांधे तासभर आखडत असतील, किंवा हातांची बोटेही सुजत असतील, तर हा संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो, आणि त्याला औषधच लागते.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला वाकला आहे, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही चालवत नाही, रात्री दुखण्याने जाग येते. दोन तज्ज्ञांनी सांधेरोपण सुचवले. एका ध्यान शिबिरातून आल्यापासून ते म्हणतात की मनोबलाने बरे होईल, आणि गोळ्याही सोडल्या आहेत. काय करावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ध्यानाने कूर्चा पुन्हा उगवत नाही आणि वाकलेले हाड सरळ होत नाही. आपण लिहिलेली लक्षणे आणि दोन तज्ज्ञांचे एकमत पाहता, शस्त्रक्रियेचा विचार गंभीरपणे करावा. गोळ्या सुरू करणे अथवा बंद करणे हे डॉक्टरांशी बोलूनच व्हावे. वेदनाशामकांचा मूत्रपिंडावर आणि जठरावर परिणाम होतो, म्हणून ती सोडण्याची इच्छा चूक नाही, पण परस्पर सोडणे चूक आहे.

मात्र वडिलांशी वाद घालताना ध्यानाची थट्टा करू नका. ‘मनोबलाने बरे होईल’ या वाक्यामागे अनेकदा शस्त्रक्रियेची भीती असते, आणि ती निराधार नसते : सांधेरोपण झालेल्यांपैकी सुमारे पाचांत एक जण नंतरही पुरता समाधानी नसतो. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या मनात दुखण्याविषयी फार वाईट कल्पना असतात, त्यांचे दुखणे नंतर रेंगाळण्याची शक्यता अधिक असते, असेही अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून शिबिरात शिकलेले श्वसन त्यांनी सोडण्याऐवजी शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात रोज करावे, आणि नंतर गुडघा वाकवण्याचे व्यायाम सुरू झाले की तेव्हा वापरावे. ते दिवस त्रासाचे असतात, आणि श्वास रोखून ओरडणाऱ्या रुग्णापेक्षा श्वास सोडत वाकवणाऱ्या रुग्णाबरोबर काम करणे सोपे जाते, हे मी रोज पाहते. “बाबा, तुमचे ध्यान इस्पितळातही लागेल” असे म्हणून पाहा.

गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आला, पोटरी अचानक सुजून दुखू लागली, पडल्यानंतर पायावर भार टाकता येईना, किंवा गुडघा एका स्थितीत अडकून बसला, तर शिबिर, शेक आणि श्वसन सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.